दगडावर आकडा होता, नावं नव्हती

बेळगावहून चंदगडच्या रस्त्याला लागलं की जी गावं येतात, त्यांपैकी एका गावच्या चव्हाट्यावर छातीइतक्या उंचीचा काळ्या दगडाचा चौथरा आहे. त्यात पांढऱ्या संगमरवराची पाटी बसवलेली आहे. अक्षरं इंग्रजी, मजकूर दोन ओळींचा : या गावातून इतके लोक 1914-1919 च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, न परतलेल्यांचा एक अंकी. नाव एकही नाही. पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांनी बरीच माणसं फौजेत पाठवली, तिथे सरकारने अशा पाट्या बसवल्या. पंजाबपासून सातारा-कोल्हापूरपर्यंत त्यांचा मजकूर जवळजवळ सारखा आहे, फरक फक्त आकड्यांचा.

गावाचं नाव मी इथे देणार नाही. ज्या घरांनी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढून दाखवल्या, त्यांची तशी इच्छा होती. पण प्रकरण सविस्तर लिहून ठेवायला हवं, कारण सीमाभागात आणि पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात असे दगड अजून उभे आहेत आणि रस्तारुंदी सगळीकडेच चालू आहे.

सुरुवात रस्त्यावरूनच झाली. चव्हाट्यातून काँक्रीटचा रस्ता आणि बाजूने गटार जायचं होतं आणि चौथरा नेमका गटाराच्या ओळीत येत होता. ग्रामसभेत अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला की जुना दगड काढावा आणि बसस्टॉपजवळ काळ्या ग्रॅनाइटचं नवं स्मारक करावं, वर बंदूक घेतलेल्या जवानाचा पुतळा बसवावा. हेतू चांगला होता. या गावात आजही घरटी एक माणूस फौजेत आहे किंवा पेन्शनवर आलेला आहे आणि पोरं पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावत असतात. माजी सैनिकांचा नव्या स्मारकाला पाठिंबा होता. म्हाताऱ्यांचा विरोध होता, कारण या दगडाला दसऱ्याला नारळ फुटतो आणि वरातीत नवरदेव इथे थांबून पाया पडतो. त्यांच्या लेखी तो देव झाला आहे आणि देव हलवायचा म्हणजे गाऱ्हाणं घालावं लागतं. तिसरा प्रश्न एका तरुण सदस्य बाईंनी विचारला, आणि खरं म्हणजे प्रकरण तिथून सुरू झालं. त्या म्हणाल्या, "नवा दगड करा नाहीतर जुना ठेवा, पण ही माणसं कोण होती ते तरी कुणी सांगा की."

सभेत कुणालाच सांगता आलं नाही. ज्यांचे आजे-पणजे त्या आकड्यात होते, त्यांनाही बाकीचे कोण ते ठाऊक नव्हतं. मी या भागात बरीच वर्षं शाळामास्तर होतो आणि जुन्या पलटणींच्या इतिहासाची आवड सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नावं शोधायचं काम माझ्याकडे आणि दोन माजी सुभेदारांकडे आलं. सापडेल ते ग्रामसभेपुढे ठेवायचं आणि तोवर दगडाला हात लावायचा नाही, असं ठरलं. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, गटाराचं काम तेवढ्यापुरतं थांबवलं, हे त्यांचे उपकार.

आधी ही माणसं गेली कुठे ते बघू. आमच्याकडच्या मराठा जवानांची भरती मुख्यत्वे सहा पलटणींत होत असे : 103, 105, 110, 114, 116 आणि 117. युद्ध संपल्यावर 1922 च्या फेररचनेत या सहा मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि 114 वी तिची प्रशिक्षण पलटण म्हणून बेळगावात राहिली. आज आपण ज्याला मराठा सेंटर म्हणतो, त्याचं मूळ तिथे आहे. 1914 ला मात्र पलटणी वेगवेगळ्या होत्या आणि त्यांतल्या तीन, 103, 110 आणि 117, सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. गावातली म्हातारी माणसं 'बसऱ्याला गेला' म्हणतात, ते हेच. शिपायाचा पगार महिन्याला 11 रुपये होता. पावसावर चालणाऱ्या शेतीत चार भावांपैकी एकाचा हा पगार घरी येणं मोठा आधार होता. देशभक्ती किंवा राजनिष्ठा याबद्दल भाषणं करणाऱ्यांनी हा 11 रुपयांचा आकडा आधी लक्षात घ्यावा असं मला वाटतं.

ही डिव्हिजन बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला तुर्की फौजेने तिला अडवलं. तिथे फार मोठी हानी झाली, फौज मागे फिरली आणि कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात अडकली. 7 डिसेंबर 1915 ला वेढा पडला. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेने एकामागून एक हल्ले केले आणि त्यात हजारो माणसं कामी आली, पण वेढा उठला नाही. आत पीठ कमी होत गेलं, मग घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. गावी कळलं तर जातीत घेणार नाहीत, ही भीती होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी पुष्कळांनी शेवटपर्यंत तोंड लावलं नाही. हिरवा भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, हातापायांतलं त्राण गेलं. जवळजवळ पाच महिन्यांनी, 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे 13 हजार माणसं कैदेत गेली.

तारखेजवळ थोडं थांबतो. त्याच आठवड्यात बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती, आणि 28 एप्रिल 1916 ला लोकमान्यांनी इथेच होमरूल लीग स्थापन केली. म्हणजे बेळगावात स्वराज्याची मागणी संघटनेच्या रूपाने उभी राहिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेळगाव तालुक्यातली पोरं तैग्रिसच्या काठावर हत्यारं खाली ठेवत होती. परिषदेचा उल्लेख आमच्या शहराच्या इतिहासात सगळीकडे येतो, कूतचा फारसा येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्याच्या वाटतात आणि शाळेत त्या शेजारी शेजारी शिकवल्या जाव्यात असं मनापासून वाटतं.

कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास-अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि तिथे हगवणीने, तापाने, उपासमारीने हजारो गेले. त्यांची थडगी कुठे आहेत हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या सगळ्यांसाठी बसऱ्याला एक मोठं स्मारक झालं. 1929 मध्ये त्याचं अनावरण झालं. चाळीस हजारांहून जास्त मृतांसाठी ते आहे. 1997 मध्ये इराकी सरकारने ते शहराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन पुन्हा उभं केलं.

आता आमच्या प्रकरणाच्या मुळाशी येऊ. बसऱ्याच्या या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं एकेक करून कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, सुभेदार-जमादारांपर्यंत. पण हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. नावं वेगळ्या वहीत ठेवली गेली. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला जे हिंदी फौजेचं स्मारक झालं, तिथे मात्र शिपायांचीही नावं दगडात आहेत. म्हणजे युरोपात मेला त्याचं नाव दगडात, इराकात मेला त्याचा आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला. आफ्रिका आणि आशियातल्या हजारो मृतांना समान वागणूक मिळाली नाही, हे त्यात मान्य केलं आणि माफी मागितली. आमच्या चव्हाट्यावरच्या पाटीवर नावं नाहीत याचं कारण गावाचा विसराळूपणा समजत होतो. पण आकड्यात मोजायची ही रीत वरूनच आली होती. ग्रामसभेत हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एक माजी हवालदार उठून म्हणाले, "मग ही वही कुठं मिळंल ते बघू या की, मास्तर."

वही मिळते. आयोगाच्या नोंदी आता संगणकावर खुल्या आहेत. त्यात शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख असते. पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं आहे. आमच्या गावाचं नाव त्यात तीन तऱ्हेने आलं आहे, आणि तालुका कधी बेळगाव, कधी चंदगड.

इथे सीमाभागाचा भूगोल मध्ये येतो. चंदगड त्या काळी बेळगाव जिल्ह्यात होतं, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे राहिलं आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. म्हणून जुन्या नोंदीत 'बेळगाव जिल्हा' वाचून शोधायला निघालेला माणूस आजच्या बेळगाव जिल्ह्यात हिंडत राहतो आणि गाव पलीकडे महाराष्ट्रात असतं. उलटही होतं. रायबाग आज बेळगाव जिल्ह्यात आहे, पण तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, तिथला शिपाई कोल्हापूरच्या नावावर सापडतो. शहापूर तर बेळगाव शहराला चिकटलेलं असून सांगली संस्थानातलं. हे डोक्यात ठेवल्याशिवाय या भागातल्या कुठल्याही गावाची यादी पुरी होत नाही. आम्ही आयोगाच्या नोंदींतून एक कच्ची यादी काढली आणि घरोघर निघालो.

या कामात खरी साक्ष बिल्ल्यांची. युद्धानंतर शिपायांना दोन पदकं मिळाली. एक चांदीचं, त्यावर पंचम जॉर्जचा मुखवटा आणि मागे घोडेस्वार. दुसरं काशाचं, त्यावर पंख पसरलेली विजयदेवता. आमच्या गावात तिला 'पंखवाली बाई' म्हणतात. वरचं चित्र सगळ्यांचं सारखं, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. कळतं ते कडेवरून. रुपयाला जिथे खाचा असतात, त्या जागी पदकाच्या जाडीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. उजेडात तिरपं धरून, भिंगाखाली हळूहळू फिरवत वाचावं लागतं. एका घरी आजींनी चिंच आणि राख घेऊन पदक घासायला घेतलं, पाहुण्यांपुढे चकचकीत ठेवावं म्हणून. सुभेदारांनी घाईने त्यांचा हात धरला. आजी म्हणाल्या, "दर दसऱ्याला घासतोय की रे बाबा." कडेची निम्मी अक्षरं त्या घासण्याने आधीच सपाट झाली होती. नशीब की नंबराचे आकडे शाबूत होते.

पुष्कळ घरांत फक्त काशाचं पदक आहे. चांदीचं कधीतरी दुष्काळात किंवा लेकीच्या लग्नात मोडलं गेलं, त्यात जवळजवळ शुद्ध चांदी होती आणि सोनाराला ते ठाऊक होतं. याबद्दल कुणी कुणाला दोष देऊ नये. काशाला मोल नव्हतं म्हणून ते टिकलं, आणि नाव त्याच्याही कडेवर आहे. मृताच्या घरी एक मोठी काशाची चकतीही येत असे, ताटलीएवढी, 120 मिलिमीटर व्यासाची, सिंह आणि हातात पुष्पचक्र धरलेली बाई असलेली. त्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव. मेल्यावर सगळे सारखे, असा त्यामागचा विचार होता. गावातल्या एका घरी ही चकती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरात होती. ती काढून दाखवताना त्या घरच्या मुलाला संकोच वाटला. मला वाटतं, शंभर वर्षं रोज हातात येणाऱ्या जागी ती राहिली, हे माळ्यावर पडून राहण्यापेक्षा बरं झालं.

दोन नावांवर वाद झाला. पहिला भाऊकीतला. एकाच आडनावाच्या दोन घरांनी एकाच शिपायावर हक्क सांगितला, दोन्हीकडे आज्याचं नाव तेच आणि बापाचंही तेच. बिल्ला एका घरात, पण तो तिथे वाटणीत आला असेल असं दुसऱ्यांचं म्हणणं. शेवटी जुनी फेरफार नोंदवही बघितली. शेतजमीन नावावर असलेला माणूस वारला की वारसाची नोंद होते, आणि ती मृत्यूनंतर फार काळ टाळता येत नाही. एका घराच्या गटात, पलटणीने दिलेल्या मृत्यूच्या तारखेनंतरच्या वर्षात, विधवेचं नाव चढलं होतं. दुसऱ्या घरचा आजा त्यानंतरही खातेदार म्हणून दिसत होता. नोंद मोडी लिपीत होती, ती तलाठ्याकडच्या नकलेवरून दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या घरच्या थोरल्या काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा आजा परत आला म्हणजे बरंच झालं की." वाद तिथेच संपला.

दुसरा वाद जड होता. ग्रामसभेच्या दुसऱ्या बैठकीला भीमनगरातली दोन माणसं एक पदक घेऊन आली. घडण तीच, पंचम जॉर्ज आणि घोडेस्वार, पण धातू तांबूस. सभेतल्या काहींनी लगेच ठरवलं की हे खोटं, खरा बिल्ला चांदीचा असतो. एकाने बाजारात अशा नकला मिळतात असंही सुनावलं. ते दोघे पदक फडक्यात गुंडाळून उठायला लागले होते.

ते पदक अस्सल होतं, आणि याबद्दल मला सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण हा गैरसमज इतर गावांतही होणार आहे. चांदीचं पदक लढाऊ शिपायांना दिलं गेलं. फौजेबरोबर जे खेचरं हाकायला, रस्ते खणायला, माल उतरवायला, जखमींच्या डोल्या उचलायला गेले, त्यांतल्या मजूर दलांना तेच पदक काशात ओतून दिलं. म्हणजे धातूवरूनच सरकारने दर्जा ठरवला होता. कडेवर नाव आणि दलाचं नाव इथेही असतंच. आम्ही सभेतच भिंग लावून ते वाचलं. मग आयोगाच्या नोंदीत तोच नंबर शोधला. माणूस मेसोपोटेमियातच वारला होता, आमच्या तालुक्याच्या नावाने नोंद होती.

महार जवानांचा फौजेशी संबंध फार जुना. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी 'लढाऊ जाती' अशी मांडणी करून त्यांची भरती बंद केली. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर 1921 पर्यंत मोडूनही टाकली. पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तिची पहिली पलटण बेळगावातच. म्हणजे मधल्या काळात ज्याला युद्धावर जायचं होतं, किंवा पोटासाठी जावंच लागलं, त्याला पुष्कळदा मजूर दलाचीच वाट होती. आधी बंदूक नाकारायची आणि मग बंदूक नव्हती म्हणून दगडावरून वगळायचं, हा अन्याय आमच्या गावाने पुढे चालवायचा का, असा प्रश्न मी सभेत उभा राहून विचारला. माझा आवाज चढला होता. चढायलाच हवा होता.

सभेत दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. "लढला नाही त्याचं नाव शहिदांत कसं?" हे वाक्य एकाने दोनदा उच्चारलं. त्याला उत्तर माजी सुभेदारांनी दिलं, ते लडाखमध्ये राहून आलेले आहेत. ते म्हणाले की पुढच्या चौकीवर रॉकेल आणि पीठ घेऊन येणारा खेचरवाला आला नाही तर बंदूक घेऊन आम्ही तिथं काय करणार होतो. त्यानंतर हात वर करून मत घेतलं आणि नाव यादीत गेलं.

आता यादी आणि दगड यांचा मेळ. यादीत पाटीवरच्या आकड्यापेक्षा दोन नावं जास्त निघाली. एक या मजूर दलातल्या माणसाचं. दुसऱ्याचं उत्तर तारखेत होतं. पाटी 1914-1919 म्हणते. पण आयोग 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे मृत्यू महायुद्धाचे धरतो, कारण कायद्याने युद्ध त्या दिवशी संपलं असं ठरलं. इराकात 1920 मध्ये इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला, तेव्हाही आपल्या पलटणी तिथे होत्या. आमचा एक शिपाई त्या वर्षी तिथे वारला. पाटी बसवणाऱ्यांच्या हिशोबाने युद्ध संपलं होतं, त्याच्या आईच्या हिशोबाने नव्हतं.

एका घराने दिल्लीला इंडिया गेटवर जाऊन आज्याचं नाव शोधल्याचं सांगितलं. ते तिथे सापडणार नव्हतं. इंडिया गेट सगळ्या हिंदी मृतांसाठी उभारलेलं असलं, तरी त्यावर कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. बसऱ्याला गेलेल्याचं नाव तिथे नसणं याचा अर्थ तो विसरला गेला असा घेऊ नये, एवढं अशा घरांना सांगायला हवं. लेकरांना घेऊन, तिकिटं काढून माणसं जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात.

दगडाचं काय करायचं हा मूळ प्रश्न यानंतर पटकन सुटला. नावं समोर आल्यावर पुतळ्याचा आग्रह कुणी धरला नाही. जुना चौथरा जागेवरच राहिला, गटार त्याला वळसा घालून गेलं. पाटीवर साठलेला तेलाचा आणि शेंदराचा थर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढला. ठेकेदाराच्या माणसाने फरशी धुवायचं ॲसिड आणलं होतं, ते परत पाठवलं. संगमरवर हा चुनखडीचाच दगड, ॲसिडने अक्षरांच्या कडा विरघळतात. मागे कधीतरी कुणी सिमेंटचा गिलावा केला होता, तो ओल धरून दगड फोडत होता. तो काढून चुन्यात फटी भरल्या. अक्षरांत ऑइलपेंट भरायचा नाही, असंही ठरवून घेतलं.

जुन्या पाटीवर एक अक्षरही बदललं नाही. आकडा चुकीचा आहे म्हणून तो खोडावा असं काहींना वाटत होतं. माझं मत ठाम होतं की तो आकडा त्या काळच्या सरकारने कुणाला मोजलं आणि कुणाला नाही याचा पुरावा आहे, आणि पुरावा खोडायचा नसतो. शेजारी, तेवढ्याच उंचीचा, गावच्याच खाणीतला काळा दगड उभा केला. त्यावर नावं कानडी आणि मराठी अशा दोन्ही लिपींत आहेत. त्यावरून फार ताणाताण होईल अशी भीती होती, ती झाली नाही. पीडीओंनी कानडी मजकूर स्वतः तपासून दिला. क्रम अकारविल्हे ठेवला, हुद्द्याने नाही आणि भाऊकीनेही नाही, त्यामुळे मजूर दलातल्या माणसाचं नाव नाईकाच्या वर आलं. खाली एक ओळ आहे : जुन्या पाटीवर 1919 पर्यंतचा आकडा आहे, इथे 1921 पर्यंतची आणि सर्व दलांतली नावं आहेत. गेलेल्या पण परत आलेल्या माणसांची यादी दगडावर घेतली नाही. ती वहीत उतरवून ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवली आहे आणि तिच्यात अजून भर पडते आहे.

दसऱ्याला नारळ पूर्वीसारखाच जुन्या दगडाला फुटला. मग पंच कमिटीने नव्या दगडावरची नावं वाचायला त्या तरुण सदस्य बाईंनाच पुढे केलं. भीमनगरातल्या घराला पहिला मान द्यावा अशी सूचना आली होती. त्या घरच्यांनीच ती नाकारली, आमचं नाव येईल तेव्हा येऊ दे म्हणाले.

काही कामं शिल्लक आहेत. आयोगाच्या नोंदीत आमच्या गावाचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं आहे. ते एकसारखं व्हावं यासाठी पदकांच्या कडेचे फोटो आणि फेरफार नोंदीची नक्कल जोडून अर्ज पाठवला आहे. शेजारच्या दोन गावांतही अशाच पाट्या आहेत, एक शाळेच्या भिंतीत, दुसरी देवळाच्या आवारात. तिथल्या पंचांनी बोलावलं आहे. त्यांना आत्ताच एवढा निरोप दिला आहे की घराघरांत सांगा, दसरा येतोय, बिल्ले घासू नका.